वाळूवरचं गवत: किश्कुनशागमधल्या चार चौकटींचं प्रकरण

हंगेरीतल्या किश्कुनशाग भागात वनस्पतींची नोंद करायला निघालेल्या माणसाच्या हातात एक छापील कागद असतो. त्यावर 'अधिवास' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात एकच नाव लिहायचं असतं. माणूस उभा असतो वाळूच्या टेकडीवर. पायांशी गवताचे सुटेसुटे ठोंब, त्यांच्यामध्ये उघडी वाळू, वाळूवर काळपट शेवाळाचे थर. वीस पावलं खाली उतरलं की ठोंब जातात आणि फिकट पिवळी, वाळलेली वर्षायू गवतं लागतात. आणखी खाली, दोन टेकड्यांमधल्या खळग्यात, गुडघ्याएवढी वाळुंजाची झुडपं. पलीकडे एकेकाळचा द्राक्षमळा. तो सोडून दिल्याला बरीच वर्षं झाली असून तिथेही आता गवत आहे.

चार जागा आहेत आणि रकाना एक. त्यात काय लिहायचं, कशाच्या आधारावर लिहायचं आणि लिहिल्याने काय होतं, एवढंच हे प्रकरण आहे.

ही टेकडी फ्युलोपहाझा गावाजवळच्या वाळूटेकड्यांसारखी आहे, पण ती कुठली एक विशिष्ट टेकडी नव्हे. तिथल्या अनेक टेकड्यांवर जे दिसतं ते मी एका उतारावर आणून मांडलं आहे. वनस्पती, त्यांच्या जागा आणि त्यांचे स्वभाव खरे आहेत. तक्त्यातले अंक मात्र कुणाच्या नोंदवहीतले नाहीत, रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत.

जागेची हकिगत

किश्कुनशाग म्हणजे डॅन्यूब आणि टिसा या नद्यांमधल्या दोआबाचा एक भाग. डॅन्यूबने आणलेली वाळू वाऱ्याने उचलली, पसरली आणि तिच्या टेकड्या केल्या. या वाळूत चुना भरपूर असतो. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. वर्षाला पाऊस साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे अहिल्यानगरच्या पर्जन्यछायेत पडतो त्याच्या आसपास. फरक असा की तो चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर थोडाथोडा पडतो आणि हिवाळ्यात जमीन गोठते. एवढ्या पावसावर चांगल्या मातीत झाडं आणि गवत दोन्ही वाढली असती. वाळूत मात्र पाणी ठरत नाही. सेंद्रिय अंश बऱ्याच ठिकाणी एक टक्काही नसतो. उन्हाळ्यात दुपारी वाळूचा पृष्ठभाग हात ठेवता येणार नाही इतका तापतो. हवामान वनगवताळ प्रदेशाचं आणि जमीन अर्धवाळवंटाची, असा हा जोड आहे.

माणसाचा हात या वाळूवर फार जुना आहे. अतिचराई आणि झाडतोड यांनी गवताची पकड सुटली आणि अठराव्या शतकात वाळू सरकू लागून शेतांवर, वस्त्यांवर येऊ लागली. ती थांबवायला झाडं लावली गेली. त्यात उत्तर अमेरिकेहून आलेला रोबिनिया पुढे सगळीकडे पसरला. १८७० च्या दशकात फायलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड हंगेरीत आली आणि डोंगरउतारांवरचे द्राक्षमळे मरू लागले. सुट्या वाळूत ती कीड टिकत नाही, हे कळल्यावर द्राक्षवेली वाळूवर उतरल्या. १९९० नंतर शेतीची व्यवस्था बदलली तेव्हा यातले कितीतरी मळे आणि शेतं ओस पडली. आपल्या चौथ्या जागेची हकिगत ही आहे. दरम्यान १९७५ मध्ये किश्कुनशाग राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७९ मध्ये त्याला युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

वनस्पतींची ओळखही जुनीच. टेल्युरियम या मूलद्रव्याचा शोध स्वतंत्रपणे लावणारा पाल किटाइबेल हाच या वाळूतल्या वनस्पतींचाही मोठा अभ्यासक होता. शरदात फुलणारं वाळूतलं कोल्चिकम अरेनारियम आणि उशिरा फुलणारं पांढरं डायँथस सेरोटिनस, या दोन्हींच्या शास्त्रीय नावांपुढे वाल्डश्टाइन आणि किटाइबेल ही जोडी आजही लागते. १८६३ मध्ये अँटोन केर्नरने डॅन्यूबकाठच्या प्रदेशांतलं वनस्पतिजीवन लिहून काढलं. सुट्या जातींऐवजी त्यांच्या एकत्र नांदण्याकडे पाहायची नजर त्याच्या लेखनात आधीच दिसते.

रीत थोडक्यात

१९१० मध्ये ब्रसेल्सला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत 'असोसिएशन', म्हणजे वनस्पतिसमूह, या एककाची व्याख्या ठरली: ठरावीक जातींची रचना, एकसारखं रूप, एकसारखी जागा. पुढे योझियास ब्राउन-ब्लांके या स्विस शास्त्रज्ञाने १९२८ च्या ग्रंथात तिची सविस्तर रीत बसवली. जमिनीवर चौकट आखायची, आतली प्रत्येक जात लिहायची आणि तिने किती जागा झाकली आहे त्याचा अंक द्यायचा. पाच टक्क्यांच्या आत पण बऱ्यापैकी असेल तर १, पंचवीसपर्यंत २, पन्नासपर्यंत ३, पंचाहत्तरपर्यंत ४, त्यापुढे ५. अगदी तुरळक असेल तर अधिकचं चिन्ह.

मग अशा अनेक चौकटी एका तक्त्यात शेजारी मांडायच्या आणि रांगा-स्तंभ इकडेतिकडे हलवत राहायचं, सारख्या चौकटी जवळ येईपर्यंत. त्या गटांना जातींच्या नावांवरून नाव मिळतं आणि शेवटचा प्रत्यय पायरी सांगतो. असोसिएशनला '-एटुम', तिच्या वरच्या अलायन्सला '-इऑन', त्यावर गणाला '-एटालिया' आणि वर्गाला '-एटेया'. म्हणून टेकडीच्या माथ्यावर फेस्टुका व्हॅजिनाटा या ठोंबांच्या गवताने बनलेल्या समूहाचं नाव फेस्टुसेटुम व्हॅजिनाटे. या नावापुढे रापाइच आणि शोओ ही दोन नावं आणि १९२९ हे साल लागतं. रेझ्यो शोओ हा विसाव्या शतकातल्या हंगेरियन वनस्पतिसमूहशास्त्राचा कणा होता. आज तिथे वापरात असलेली बरीच नावं उच्चारताना त्याचं नाव येतंच.

चार चौकटी

प्रत्येक चौकट चार मीटर बाय चार मीटर, म्हणजे सोळा चौरस मीटर. 'अ' टेकडीच्या माथ्यावर, 'ब' खालच्या वर्षायू गवतांत, 'क' खळग्यात, 'ड' जुन्या द्राक्षमळ्यात. नोंद मेच्या अखेरीस.

| जात | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|
| फेस्टुका व्हॅजिनाटा | ३ | + | १ | २ |
| स्टिपा बोरिस्थेनिका | २ | – | – | + |
| युफोर्बिया सेगिएरियाना | १ | + | + | १ |
| फ्युमाना प्रोकुम्बेन्स | १ | – | – | – |
| अल्काना टिंक्टोरिया | + | – | – | – |
| सेकाले सिल्व्हेस्ट्रे | + | ३ | – | १ |
| ब्रोमस टेक्टोरम | + | २ | – | २ |
| सॅलिक्स रोझमारिनिफोलिया | – | – | ३ | – |
| स्किर्पोइडेस होलोशोनस | – | – | २ | – |
| सायनोडॉन डॅक्टिलॉन | – | + | + | २ |
| कोनायझा कॅनडेन्सिस | – | १ | – | १ |
| अस्क्लेपियास सिरियाका | – | – | – | २ |
| सिन्ट्रिकिया शेवाळ | २ | १ | १ | १ |

यातली काही नावं परकी वाटली तरी कुळं आपल्या ओळखीची आहेत. सायनोडॉन म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. जिथे जमीन उकरली गेली किंवा तुडवली गेली तिथे ती तिथल्या वाळूतही धावते. अस्क्लेपियास ही रुईची अमेरिकन नातेवाईक. तोडली की चीक येतो आणि फळ फुटलं की रेशमी म्हाताऱ्या उडतात. अल्कानाच्या मुळातून लाल रंग निघतो आणि आपल्या बाजारातली रतनजोत त्याच कुळातली. स्टिपाची कुसळं पिसासारखी लांब असतात. वाऱ्यात सगळा उतार रुपेरी होऊन हलतो, म्हणून हंगेरियनमध्ये त्याला 'अनाथ मुलीचे केस' म्हणतात. माळावरून चालताना कुसळी गवताने ज्याची विजार भरली आहे त्याला स्टिपाचं बी वाळूत कसं शिरतं हे सांगावं लागणार नाही. कुसळाचा पीळ ओलाव्याने सुटतो-आवळतो आणि बी स्वतःला जमिनीत पिळून घेतं.

आता तक्ता वाचू. पहिली रांग बघा: फेस्टुका व्हॅजिनाटा चारही चौकटींत आहे. दुधाळ युफोर्बियाही चारहींत. शिकाऊ माणूस इथेच फसतो. सगळीकडे फेस्टुका दिसतं म्हणून सगळीकडे फेस्टुसेटुम लिहितो. पण फोडणीत मोहरी प्रत्येक भाजीला असते. मोहरीवरून भाजी ओळखता येत नाही. चौकटी वेगळ्या करतात त्या जाती, ज्या एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीत. 'अ' वेगळी होते ती फ्युमाना, अल्काना आणि भरघोस स्टिपामुळे. 'क' वेगळी होते वाळुंज आणि स्किर्पोइडेसमुळे. 'ब' मध्ये मात्र स्वतःचं असं काहीच नाही. तिच्यातली प्रत्येक जात 'अ' किंवा 'ड' मध्ये आहे. ती वेगळी आहे प्रमाणामुळे, जातींमुळे नव्हे.

'ब' चा वाद

वर्षायू रानटी राय आणि ब्रोमस यांचा हा समूह हंगेरियन साहित्यात स्वतंत्र असोसिएशन म्हणून ओळखला जातो: सेकाली सिल्व्हेस्ट्रिस–ब्रोमेटुम टेक्टोरम. नाव १९४० पासूनचं. त्याला स्वतंत्र मानणाऱ्यांची बाजू हलकी नाही. रूप वेगळं आहे, बहुवर्षायू ठोंब नाहीत, जीवनक्रम वेगळा आहे. शरदात उगवायचं, वसंतात वाढायचं, जूनमध्ये वाळून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की हा समूह नसून फेस्टुसेटुमची एक अवस्था आहे. चराई, तुडवण किंवा कडक दुष्काळ यांनी फेस्टुकाचे ठोंब मेले की मोकळ्या वाळूत वर्षायू गवतं शिरतात. ठोंब परत आले की ती मागे हटतात. २०२२ च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या मैदानावर भीषण दुष्काळ पडला होता. अशा वर्षानंतर 'अ' ची जागा 'ब' सारखी दिसू लागली तर समूह बदलला म्हणायचं की तोच समूह आजारी आहे म्हणायचं?

माझं मत: तक्त्यात 'ब' वेगळीच ठेवावी, नकाशात मात्र ती 'अ' ला जोडून दाखवावी. तक्ता त्या दिवशी जमिनीवर काय होतं याचा कागद आहे आणि त्यात फरक दडपला तर नंतरच्या माणसाला काहीच सापडणार नाही. पन्नास वर्षांनी कुणी त्याच जागी आलं आणि तिथे फेस्टुकाचे ठोंब दिसले, तर बदल झाला हे कळायला आजचा 'ब' वेगळा लिहिलेला हवा. नकाशा ही मात्र जागेविषयीची गोष्ट आहे. एकाच टेकडीवर दर काही वर्षांनी सीमा बदलणारे दोन रंग दाखवले तर नकाशा वाचणाऱ्याला स्थिर सीमेचा भास होतो, आणि तशी सीमा तिथे नाही. त्यामुळे नकाशात दोन्हींचं एकच संकुल लिहावं आणि सोबत कुठलं किती आहे ते द्यावं.

याच ब्रोमस टेक्टोरमने अमेरिकेच्या पश्चिम भागात सेजच्या झुडपांचे माळ गिळले, वणव्यांचं चक्र बदललं आणि बहुवर्षायू गवतांना परत येऊ दिलं नाही. किश्कुनशागमध्ये ते मूळचं रहिवासी आहे आणि सहसा पाहुण्यासारखं येऊन जातं. एक जात दोन जागी दोन स्वभावांनी वागते. म्हणून नुसत्या जातीच्या नावावरून जागेची प्रकृती ठरवणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

चौकटीचा आकार आणि महिना

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग तक्त्यात दिसतच नाही. तो चौकट कुठे टाकली, किती मोठी टाकली आणि कधी टाकली, यात आहे.

सोळा चौरस मीटर ऐवजी एक चौरस मीटर घेतला असता तर? 'अ' मध्येच एक चौकट ठोंबावर पडली असती आणि दुसरी दोन ठोंबांमधल्या शेवाळावर. तक्त्याने त्यांना दोन वेगळे समूह ठरवलं असतं. शंभर चौरस मीटर घेतले असते तर 'अ' ची चौकट उतरून 'ब' मध्ये गेली असती आणि दोन्ही मिसळून एक सरासरी समूह तयार झाला असता, जो त्या टेकडीवर कुठेच नाही. युरोपातले कोरड्या गवताळ प्रदेशांचे अभ्यासक म्हणूनच एकाच कोपऱ्यापासून एकात एक बसणाऱ्या चौकटी घेतात: ०.०००१ चौरस मीटरपासून, म्हणजे एका सेंटिमीटरच्या चौकोनापासून, दहादहा पटीने वाढत १०० चौरस मीटरपर्यंत. वाळूवर हे फार उपयोगी पडतं, कारण इथली वनस्पती ठिपक्यांनी बनलेली असते. ठिपका मोठा झाला की दुसरी कथा सुरू होते.

महिन्याचं त्याहून कठीण. मार्च-एप्रिलमध्ये ठोंबांमधल्या वाळूत बोटभर उंचीच्या वर्षायू वनस्पती दाटीने येतात, होलोस्टियम, सेरास्टियम, एरोफिला. मेच्या अखेरीस यातलं बरंच काही पिकून वाळून गेलेलं असतं. बुटकी वाळूतली आयरिस एप्रिलमध्ये फुलते. पुढे ती नुसत्या पानांवर ओळखावी लागते. डायँथस सेरोटिनस उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलायला लागतं, त्याच्या नावातच 'उशिराचं' आहे. आणि कोल्चिकम तर उलटंच वागतं. पानं आणि फळ वसंतात, फूल शरदात पानाशिवाय थेट वाळूतून वर. हे आपल्या कळलावीच्या कुळातलं आणि दोघींच्याही अंगात कोल्चिसीन हे विष. मेअखेर पानं पिवळी पडून जमिनीला मिळालेली असतात आणि फूल यायला तीन महिने असतात. त्या वेळी चौकट टाकणाऱ्याला कोल्चिकम बहुधा दिसणारच नाही. म्हणजे 'अ' ला सगळ्यात जास्त महत्त्व देणारी जात नोंदीतून गळून पडली असेल आणि तक्त्यात तिची जागा कोरी राहील. त्या कोऱ्या जागेचा अर्थ 'नाही' असा लावला जाईल, खरं तर तो 'आत्ता दिसली नाही' एवढाच आहे.

म्हणून वाळूवरच्या चौकटीला किमान दोन भेटी हव्यात: एक एप्रिल-मेमध्ये, एक सप्टेंबरमध्ये. आणि चौकटीचे कोपरे खुणा करून ठेवलेले हवेत, नाहीतर सप्टेंबरची चौकट एक मीटर सरकते आणि ठोंबांऐवजी शेवाळ मोजते.

शेवाळाबद्दलही सांगायला हवं. तिथली वाळू उघडी दिसते पण अर्धीअधिक उघडी नसते. तिच्यावर सिन्ट्रिकियाचं शेवाळ असतं आणि क्लॅडोनिया असतं, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचे लांबचे भाऊबंद. कोरड्या हवेत शेवाळ काळपट, गुंडाळलेलं, मेल्यासारखं दिसतं. दोन थेंब पडले की काही मिनिटांत पानं उलगडून हिरवं होतं. हे थर वाळू धरून ठेवतात. जे नोंदी फक्त फुलझाडांच्या करतात ते 'अ' ला पन्नास-साठ टक्के झाकलेली म्हणतात आणि बाकीची जागा रिकामी. ती रिकामी नाही. माझ्या मते शेवाळ-दगडफुलांच्या वेगळ्या रांगेशिवाय केलेली वाळूवरची नोंद अपुरी आहे.

खळगा आणि मळा

'क' चं प्रकरण पाण्याचं आहे. दोन टेकड्यांमधल्या खळग्यात भूजल जवळ असायचं, आणि त्यावर वाळुंज व ओलसर जागेतलं मोलिनिया गवत यांचा समूह वाढायचा: मोलिनियो–सॅलिसेटुम रोझमारिनिफोलिए. १९७० च्या दशकापासून दोआबातलं भूजल खाली खाली गेलं. कोरडी वर्षं, उपसा, निचऱ्याचे कालवे, पाणी ओढणारी लागवडीची जंगलं, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. मोलिनिया गेलं. वाळुंज मात्र मुळांनी पसरतं आणि सहज मरत नाही, म्हणून ते उभं आहे. त्याच्या पायांशी कोरड्या वाळूतलं फेस्टुका शिरलं आहे. तक्त्यात हेच दिसतं: वाळुंज ३, फेस्टुका १, मोलिनियाची रांगच नाही.

अशा चौकटीला पूर्ण नाव देऊ नये असं मला वाटतं. नावातला अर्धा भागच जमिनीवर उरलेला नसताना ते नाव लिहिणं म्हणजे तिथे अजून ओलावा आहे अशी साक्ष देणं. 'मोलिनियो–सॅलिसेटुमचा कोरडा होत चाललेला अवशेष, फेस्टुसेटुमकडे संक्रमण' असं सरळ वाक्य लिहावं. संगणकाला वाक्य चालत नाही, त्याला कोड लागतो, हे खरं आहे. मग कोडसोबत टिपेचा रकाना भरावा.

'ड' सगळ्यात अवघड. तिथे फेस्टुका आहे, थोडं स्टिपा आहे, युफोर्बिया आहे. सोडलेल्या शेतांवर वाळूतलं गवत अनेकदा दोन-तीन दशकांत बऱ्यापैकी परत येतं, जवळ बी देणारा जुना उतार असेल तर आणखी लवकर. त्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. पण त्याच चौकटीत हरळी २, ब्रोमस २ आणि अमेरिकन रुई २. ही रुई पूर्वी मधासाठी आणि धाग्यासाठी लावली जायची. आता ती मुळांवरून फुटवे काढत वाळू व्यापते, आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाने तिला आक्रमक परक्या जातींच्या यादीत घातलं. फ्युमाना नाही, अल्काना नाही. म्हणजे फेस्टुसेटुमची देहयष्टी आली आहे पण तिच्या निष्ठावान, म्हणजे सहसा तिच्यातच सापडणाऱ्या, जाती अजून आलेल्या नाहीत.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात आणि ते सोडवले पाहिजेत. हा कुठल्या प्रकारचा समूह आहे हा एक प्रश्न, तो कोणत्या स्थितीत आहे हा दुसरा. एकच नाव दोन्हींची उत्तरं देऊ शकत नाही. हंगेरीत यासाठी सोय आहे. २००३ ते २००६ दरम्यान संपूर्ण देशाचं अधिवास-मानचित्रण झालं तेव्हा प्रत्येकी ३५ हेक्टरच्या सुमारे २ लाख ६७ हजार षट्कोनांत देश वाटला गेला आणि प्रत्येक अधिवासाच्या नावासोबत नैसर्गिकतेचा १ ते ५ असा अंक दिला गेला. 'ड' साठी मी तेच करेन: प्रकार उघडं वाळू-गवत, अंक खालचा. एरवी काय होतं? कुणी 'ड' ला तण म्हणून टाकून देतो आणि तिथे परत रोबिनिया लावायला मोकळीक मिळते. कुणी तिला अस्सल फेस्टुसेटुम म्हणतो आणि पुढच्या अहवालात वाळू-गवताचं क्षेत्र वाढल्याची नोंद होते, रुईसकट.

वरच्या पायऱ्या

टेकडीवर फेस्टुका व्हॅजिनाटाने आपल्याला काहीच मदत केली नाही, कारण ते चारही चौकटींत होतं. युरोपभरच्या नोंदी एकत्र केल्या तर हीच जात हिऱ्यासारखी मौल्यवान ठरते. पॅनोनियाच्या, म्हणजे हंगेरी आणि भोवतालच्या मैदानाच्या, वाळूबाहेर ती फारशी नाही, म्हणून ती सापडली की चौकट कुठल्या मोठ्या घराण्यातली हे लगेच कळतं. निष्ठा ही त्या जातीच्या अंगचा कायमचा गुण नसून आपण किती मोठ्या तक्त्यात बघतो यावर ती अवलंबून असते. चौकटींचे गट पाडणाऱ्या १९७९ च्या ट्विनस्पॅन या संगणक-प्रणालीने किंवा ब्रनोमध्ये तयार झालेल्या २००२ च्या ज्यूस प्रणालीतल्या फाय गुणांकाने, म्हणजे निष्ठा मोजणाऱ्या आकड्याने, हे काम वेगाने होतं, पण आकडा नेहमी 'या संचात' असा वाचायचा. संच बदलला की आकडा बदलतो. तो आकडा दुसऱ्या देशाच्या कागदात जसाच्या तसा उचलणाऱ्यांच्या चुका मी पाहिल्या आहेत.

चुन्याचा मुद्दा इथे येतो. हंगेरीच्या ईशान्येला न्यीरशेगमध्येही वाळूच्या टेकड्या आहेत आणि तिथेही फेस्टुका व्हॅजिनाटा आहे. तिथली वाळू मात्र आम्ल. म्हणून तिथे सोबत कोरिनेफोरस गवत येतं आणि असोसिएशन वेगळी होते: फेस्टुको–कोरिनेफोरेटुम. लांबून दोन्ही उतार सारखेच दिसतात. यावरून वर्गाच्या पायरीवर वाद आहे. काही जण पॅनोनियापासून काळ्या समुद्राच्या उत्तरेपर्यंतच्या वाळू-गवतांना फेस्टुसेटेया व्हॅजिनाटे हा स्वतंत्र वर्ग देतात. काही जण त्यांना पश्चिम आणि मध्य युरोपातल्या वाळू-गवतांसोबत कोएलेरियो–कोरिनेफोरेटेयाखाली बसवतात. मी पहिल्यांच्या बाजूचा आहे. अटलांटिककडच्या ओलसर, आम्ल वाळूतलं गवत आणि स्टेपकडे, म्हणजे पूर्वेच्या कोरड्या गवताळ मैदानांकडे, तोंड करून उभं असलेलं हे गवत यांचे हवामानाशी झालेले करार वेगळे आहेत. एका छपराखाली आणलं की पूर्वेकडचं वेगळेपण तक्त्याच्या तळाशी जातं.

नावाने काय होतं

हंगेरी २००४ मध्ये युरोपीय संघात आला आणि नॅचुरा २००० या संघाच्या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात 'पॅनोनिक वाळू-स्टेप' हा अधिवास ६२६० या क्रमांकाने नोंदला गेला. क्रमांकापुढे तारा आहे, म्हणजे प्राधान्याचा. हंगेरियन पद्धतीतली उघडी आणि बंदिस्त अशी दोन्ही वाळू-गवतं त्यात येतात. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला जुनिपर आणि पांढरा पॉपलर यांची राई असते, तिचा क्रमांक वेगळा, ९१एन०, आणि तीही प्राधान्याची. पॉपलर मुळांवरून फुटतो आणि हळूहळू 'अ' च्या कडेला येतो. त्याला गवत म्हणायचं की राई, हे एका मीटरच्या सीमेवर ठरतं. दोन्ही जपण्याजोगी असल्यामुळे तिथे घाईने रेघ ओढायची गरज नाही.

घाई धोक्याची ठरते ती दुसरीकडे. हंगेरीत अशा माळांना 'पुस्ता' म्हणतात आणि या शब्दाचा अर्थच ओसाड, उजाड. ज्याला उजाड म्हटलं तिथे काहीतरी लावायला हात शिवशिवतात. विसाव्या शतकात याच वाळूवर रोबिनिया आणि पाइनची जंगलं उभी राहिली आणि फेस्टुकाचे उतार त्यांच्याखाली गेले. हे वाचताना मला आपले माळ आठवतात. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवतांचं आच्छादन पाच मोठ्या प्रकारांत मांडलं, त्यात दख्खनच्या माळांना सेहिमा–डिकँथियम असं स्वतःचं नाव मिळालं. सरकारी दफ्तरात मात्र हे माळ बहुधा 'पडीक' या एका शब्दात राहिले, आणि पडीक म्हटल्यावर तिथे झाडं लावणं पुण्याचं काम ठरलं. किश्कुनशागच्या वाळूला नाव १९२९ मध्ये मिळालं आणि तारा मिळायला पंचाहत्तर वर्षं लागली.

तर कागदावर. 'अ': फेस्टुसेटुम व्हॅजिनाटे, चुनखडीयुक्त वाळू, नैसर्गिकता ५, शेवाळाचा थर वेगळा नोंदवला. 'ब': सेकाली–ब्रोमेटुम, नकाशात 'अ' सोबत संकुल. 'क': संक्रमण, टिपेसह, आणि भूजलाची खोली मोजायला खळग्यात नळी. 'ड': उघडं वाळू-गवत, नैसर्गिकता २, अमेरिकन रुई मुळासकट काढायची, पण नांगर फिरवायचा नाही, कारण उकरलेल्या वाळूत हरळीच आधी धावते.

आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच खुणांवर पुन्हा. 'अ' मध्ये कोल्चिकमची फुलं मोजायची. 'ड' मध्ये एकही दिसणार नाही असं धरून चालायचं, तरीही गुडघ्यांवर बसून पूर्ण सोळा चौरस मीटर बघायचं.